मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग : अंधार पडल्यावर जाण्यात अर्थ आहे का?

केळफूल

मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानाच्या मागच्या उतारावर, सिरी रोडच्या बाजूला, झाडांमधून नेलेला निसर्ग उन्नत मार्ग ३० मार्च २०२५ रोजी, म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशी, लोकांसाठी खुला झाला, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. त्याची एकूण लांबी ४८५ मीटर आणि रुंदी २.४ मीटर आहे. वेळ पहाटे ५ ते रात्री ९ अशी असून तिकीट भारतीयांसाठी २५ रुपये आणि परदेशी नागरिकांसाठी १०० रुपये आहे. आरक्षण ऑनलाइन करायचे आणि एकेका तासाच्या टप्प्यानुसार आत जायचे, अशी पद्धत आहे.

माझी अडचण अशी, की मला सुट्टीच्या दिवशी सकाळचे आरक्षण काही केल्या मिळत नाही आणि आठवड्याच्या मधल्या वारी नोकरीमुळे रात्री ८ ते ९ हाच टप्पा हाती उरतो. बरोबर वडील असतील (वय ७८, आयुष्याची पहिली तीस वर्षे गिरगावातल्या चाळीत गेलेली) आणि नऊ वर्षांची मुलगी. जंगलातली वाट अंधारात पाहायला जाणे म्हणजे डोळे मिटून लग्नाच्या पंगतीला बसण्यासारखे आहे का, की त्या वेळेलाही काही वेगळे पाहण्यासारखे असते? जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे.

आडवाटेचा

पंगतीत डोळे मिटून बसले तरी मसालेभाताचा वास येतोच. अवश्य जा.

शून्यप्रहर

एका तासात ४८५ मीटर! आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभासुद्धा याहून वेगाने पुढे सरकते. वडिलांना दमणूक होणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

समईची वात

मी विरुद्ध मत नोंदवते. मी एप्रिलमध्ये सकाळी ७ वाजता आणि नंतर पावसाळ्याआधी रात्री ८ वाजता अशी दोनदा गेले. सकाळी पानांमधून उतरणारे ऊन आणि झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर आपण चालत असल्याची जाणीव हेच त्या मार्गाचे सारे वैभव आहे. रात्री ती उंची जाणवतच नाही, कारण खाली किती खोल आहे हे दिसत नाही. समुद्राकडच्या सज्जावरून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचे दिवे सुरेख दिसतात, हे मान्य आहे, पण तेवढ्यासाठी वेगळे तिकीट कशाला काढायचे? कमला नेहरू उद्यानाच्या कठड्यावरूनही तेच दिवे दिसतात आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या.

पिंगळा

समईची वात यांच्याशी अर्धा सहमत आहे. त्यांनी डोळ्यांपुरते लिहिले आणि डोळ्यांपुरते ते खरेच आहे. रात्री मात्र कानांनी जायचे असते.

मलबार हिल हा दक्षिण मुंबईतला अजूनही बऱ्यापैकी झाडे राखून असलेला भाग आहे. एका बाजूला राज्यपालांच्या निवासस्थानाचा परिसर, दुसऱ्या बाजूला डुंगरवाडीची, म्हणजे पारशांच्या अंत्यसंस्काराच्या जागेची, गर्द झाडी आणि मध्ये ही टेकडी. त्यामुळे येथे मोठी वटवाघळे संध्याकाळी हमखास फिरतात. वड, उंबर, जंगली बदाम यांची फळे ही त्यांची मेजवानी असते. ज्यांच्या इमारतीच्या आवारात बदामाचे झाड आहे, त्यांना गाडीच्या टपावर सकाळी सापडणाऱ्या अर्धवट चघळलेल्या बदामांचे गुपित ठाऊक असेल. फळावरून दोन वटवाघळांचे भांडण जुंपले की जो चिरका कलकलाट होतो, तो एकदा ओळखता आला की आयुष्यभर विसरत नाही. शिवाय पिंगळा, म्हणजे ते छोटे ठिपक्याठिपक्यांचे घुबड, शहरातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत आरामात राहते. (माझे सदस्यनाम त्याच्यावरून घेतले आहे, पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यावरून नव्हे. येथे मागे एका धाग्यावर मला नोकरीचे योग विचारले गेले होते.)

केळफूल, एकच विनंती. मुलीच्या हातात मोबाइलचा दिवा देऊ नका. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि एकदा भपकन उजेड पडला की सारे पहिल्यापासून सुरू होते.

खारे वारे

अंधार म्हणजे नक्की किती वाजता, हेही पाहून घ्या. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य ६ च्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सव्वासात वाजून जातात. म्हणजे हिवाळ्यात ७ चा टप्पा घेतला तरी पूर्ण काळोख मिळेल, उलट जूनमध्ये ७ ते ८ हा टप्पा सर्वांत देखणा, कारण आत शिरताना संधिप्रकाश असतो आणि बाहेर पडताना रात्र. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांनी सूर्यास्ताची वेळ पाहून त्यावर बेतलेला टप्पा घ्यावा. केवळ ८ ते ९ धरून बसू नये.

जुना गिरगावकर

आमच्या लहानपणी आजी दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू देत नसे, झाडे झोपतात म्हणून. परसातली तुळससुद्धा संध्याकाळनंतर खुडायची नाही. आता झाडे झोपल्यावर आपण २५ रुपये भरून त्यांच्या शेजघरात शिरणार आणि वर दिवे लावणार! काळाचा महिमा.

गंमत सोडा, पण हँगिंग गार्डनशी आमचे नाते वेगळे होते. एकोणिसाव्या शतकात जलाशयावर बाग केली, म्हणजे खाली शहराचे पिण्याचे पाणी आणि वर फुलझाडे, ही कल्पनाच आम्हा मुलांना अद्भुत वाटे. समोर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट. रविवारी संध्याकाळी चौपाटीवरून चढून जायचे, बुटात एकदा वर-खाली करायचे आणि दिवे लागले की उतरायचे. अंधारात वर थांबण्याची परवानगी नव्हती आणि इच्छाही नव्हती, कारण उतरताना लागणाऱ्या पिंपळावर मुंजा असल्याचे थोरल्या भावाने पटवून ठेवले होते.

शून्यप्रहर

काका, मुंजाला तिकीट भारतीय दराने लागेल की परदेशी?

जुना गिरगावकर

स्थानिक रहिवासी आहे तो, त्याला पास मिळेल.

मोहोर

येथे थोडा वेगळा सूर लावते. ‘अंधारात कानांनी जावे’, ‘डोळे सरावू द्यावेत’ हे वाचायला छान वाटते, पण अनोळखी बागेत अंधार पडल्यावर शिरताना मी प्रथम बाहेर पडायचा दरवाजा कोठे आहे ते पाहते, मग वाटेत माणसे कोण आहेत ते पाहते, आणि वटवाघूळ त्यानंतर.

माझ्या उपनगरात एक उद्यान आहे, नाव लिहीत नाही. तेथे प्रवेशद्वाराशी डोळे दिपवणारा मोठा दिवा लावला आहे आणि त्याच्या पलीकडे वळणावर काहीच नाही. उजेडातून आलेल्या डोळ्यांना ते वळण विहिरीसारखे काळे दिसते. मागच्या हिवाळ्यात मी तेथे फेऱ्या मारत असताना बंद होण्याची शिट्टी झाली, मी मागच्या दाराकडे गेले तर त्याला कुलूप लागलेले, आणि पुढच्या दारापर्यंतची तीन-चारशे पावले मी किल्ली मुठीत धरून चालले. काहीही घडले नाही. पण ती पावले मला आजही मोजून सांगता येतात. त्यानंतर मी संध्याकाळचे फिरणे इमारतीच्या वाहनतळावर हलवले.

म्हणून केळफूलताईंना माझे उत्तर असे : तिकीट, मोजकी माणसे आणि आत-बाहेरची नोंद असलेली जागा अंधारात पाहायला मला आवडेल, आणि याच कारणाने तिकिटाला माझा विरोध नाही.

आडवाटेचा

मोहोर, तुमचे म्हणणे पटले आणि माझा वरचा एक ओळीचा प्रतिसाद उथळ होता, हेही मान्य करतो. पण तिकिटाबद्दल माझा आक्षेप आहे. सार्वजनिक बाग ही चालता चालता सहज शिरण्याची जागा असते. ऑनलाइन आरक्षण आले की भाजी घेऊन घरी निघालेली बाई, दिवसभर टॅक्सी चालवून दहा मिनिटे टेकू पाहणारा माणूस, हे आपोआप गळतात, आणि उरतात ते ‘कार्यक्रम’ आखून आलेले लोक. रात्री बाग सुरक्षित वाटते ती अशा सहज आलेल्या माणसांमुळे, पहारेकऱ्यामुळे कमी.

मोहोर

तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण २.४ मीटर रुंदीच्या उंचावरच्या लाकडी वाटेवर ‘सहज आलेली’ रविवारची मुंबई मावेल का, याचाही विचार करा. चौपाटीला मर्यादा नसावी, या वाटेला असावी.

दूरदेशीचा पाहुणा

सिंगापूरहून लिहितो आहे. या मार्गाची कल्पना आमच्याकडच्या वृक्षशेंड्यांवरच्या वाटेवरून घेतल्याचे वृत्तपत्रांत वाचले होते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मॅकरिची जलाशयाजवळच्या जंगलातला तो झुलता पूल २५० मीटरचा आहे, २००४ मध्ये सुरू झाला, आणि तो सायंकाळी ५ वाजता बंद होतो! आसपासच्या राखीव जंगलाची वेळही सकाळी ७ ते सायंकाळी ७ एवढीच आहे. रात्र ही तेथल्या प्राण्यांची, असा सरळ हिशेब.

याच शहरात ‘गार्डन्स बाय द बे’ आहे, २०१२ मध्ये खुले झालेले. त्याचा बाहेरचा भाग पहाटे ५ पासून मध्यरात्रीनंतर २ पर्यंत उघडा असतो. २५ ते ५० मीटर उंचीच्या त्या पोलादी ‘महावृक्षां’वर रोज संध्याकाळी पावणेआठला आणि पावणेनऊला प्रकाश-संगीताचा खेळ होतो आणि तो पाहायला पैसे पडत नाहीत. आम्ही भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तेथे नेतो, गवतावर सतरंजी टाकून उताणे झोपवतो आणि घरून नेलेली पोहे-चिवड्याची पुडी उघडतो. रात्री अकराला एकटी धावणारी मुलगी तेथे कोणाच्या नजरेतही येत नाही. पण ती समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर, माणसाने माणसासाठी रचलेली बाग आहे. महावृक्षावर दिवे लावले म्हणून कोणत्याही घुबडाचे घर मोडले नाही.

म्हणजे एकाच शहराने दोन जागांना दोन उत्तरे दिली आहेत. मलबार हिलचा मार्ग यांपैकी कोणत्या बाजूला बसतो, हे मुंबईकरांनी सांगावे. माझ्या मते तो मधला आहे, आणि म्हणूनच ९ वाजता बंद होणे मला शहाणपणाचे वाटते.

समईची वात

हा प्रतिसाद वाचून माझे मत अधिकच पक्के झाले. मूळ जागाच ५ ला बंद होत असेल तर आपण ९ पर्यंत कशासाठी?

पिंगळा

कारण मुंबईत नोकरदार माणूस ५ ला सुटत नाही, समईताई. आणि ही टेकडी म्हणजे राखीव जंगल नाही. चारही बाजूंनी इमारतींचा उजेड आधीच आहे. प्रश्न आपण किती वाजेपर्यंत जावे एवढाच नाही, आपल्यासाठी दिवा कोठे आणि कसा लावावा, हाही आहे.

न्यूयॉर्कमध्ये जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर केलेली ‘हाय लाइन’ नावाची बाग २००९ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. तिची प्रकाशयोजना पाहण्यासारखी आहे. दिवे माणसाच्या डोळ्यांच्या पातळीखाली, कठड्याला आणि वाफ्यांना लावलेले, उजेड पायांशी. पाऊल कोठे टाकायचे ते दिसते, समोरून येणारा माणूस दिसतो, आणि डोळे दिपत नसल्यामुळे पलीकडचे शहरही दिसते. मोहोर यांच्या बागेतल्या त्या एका राक्षसी दिव्यापेक्षा असे वीस लहान दिवे माणसालाही अधिक धीर देतात आणि किड्यांचेही कमी नुकसान करतात. दिव्याचा रंगही महत्त्वाचा असतो. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त झेपावतात, पिवळसर उजेडावर कमी.

लांब कशाला, आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आभाळ कृत्रिम उजेडापासून राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक पथदिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. गावे अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त आभाळात जायचा थांबला. आणि २०२४ मध्येच झाडांवर गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळांचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता, हेही आठवत असेल.

जुना गिरगावकर

दिव्याच्या रंगावरून आठवले. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! राणीच्या हारातले (‘क्वीन्स नेकलेस’ म्हणतात ना मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना, त्यातले) सोने जाऊन चांदी आली, असे आम्ही म्हणत होतो. पुढे पिवळसर छटेचे दिवे परत आले तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला. मुंबईकराला दिव्याचा रंग कळत नाही, असे कोणी समजू नये.

कोकणसय

काजवे पाहायला मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची येथे जाणाऱ्यांनी पिंगळा यांचा प्रतिसाद छापून खिशात ठेवावा. काजवा आपल्या जोडीदाराला उजेडाने साद घालतो आणि आपण गाडीचे दिवे पूर्ण लावून तेथे पोहोचतो. मागच्या वर्षी एका वळणावर आमच्यामागून आलेल्या गाडीने दिवे टाकले आणि लखलखणारे अख्खे झाड एका क्षणात विझले. पाच-सहा मिनिटे ते विझलेलेच होते.

शून्यप्रहर

धागा सिंगापूर, न्यूयॉर्क, पेंच करून भंडारदऱ्याला पोहोचला. मुक्काम तेथेच आहे की मलबार हिलला परतणार आहोत? केळफूल, तुम्ही गेलात की नाही?

केळफूल

गेलो, काल रात्री, ८ ते ९ च्या टप्प्यात. सर्वांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते.

गिरगावातून टॅक्सीने वर गेलो. बाबांनी वाटेत प्रत्येक वळणाला पूर्वी काय होते ते टॅक्सीवाल्याला सांगितले आणि त्यानेही बिचाऱ्याने ऐकून घेतले. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे मला समईची वात यांचे म्हणणे पटत होते. दोन्ही बाजूंना पाने म्हणजे नुसता गडद पडदा, आणि माझ्या मनात तिकिटाचे पैसे. पिंगळा यांच्या सांगण्यावरून मोबाइल पिशवीत टाकले होते, त्यामुळे मुलगी चिडलेली.

मग बाबा थांबले. त्यांना गुडघ्यांमुळे थांबावे लागते, पण त्या थांबण्याचा फायदा झाला. कठड्याचे लाकूड गार होते आणि त्यावर हात ठेवून आम्ही तिघे उगीच उभे राहिलो. प्रथम खालच्या रस्त्यावरचे भोंगे ऐकू आले, मग ते मागे पडले, आणि वरच्या फांदीतून काहीतरी टप्पकन खाली पाचोळ्यात पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मुलगी म्हणाली, ‘कोणीतरी टाकतंय.’ पाठोपाठ तो चिरका कलकलाट झाला आणि आभाळाच्या तुकड्यावरून एक मोठी काळी आकृती पंख हलवत गेली. वर्तमानपत्राचे पान फडफडावे तसा आवाज. तिने माझा दंड इतका घट्ट धरला, की नखांच्या खुणा सकाळपर्यंत होत्या, आणि लगेच विचारले, ‘अजून येईल का?’

सज्जावर काचेची जमीन आहे, ती रात्री काचेची वाटतच नाही. मुलीने तिच्यावर पालथे पडून दोन्ही तळव्यांनी डोळ्यांभोवती आडोसा केला आणि खाली पाहिले, तेव्हा तिला पाने दिसली म्हणे. आम्हाला काही तसे करता आले नाही. बाबा मात्र चौपाटीकडे पाहत राहिले. आपली चाळ कोठे असेल याचा अंदाज ते बोटाने बांधत होते आणि मध्ये उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमुळे बोट पुन्हा पुन्हा सरकवत होते. शेवटी एका अंधाऱ्या पट्ट्यावर त्यांनी बोट स्थिर केले. चाळ पाडून बरीच वर्षे झाली आहेत, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मोहोर, तुमच्यासाठी मुद्दाम पाहिले : आमच्या तासाला माणसे बेताची होती, दोन मुली निवांत गप्पा मारत चालल्या होत्या, आणि नऊला पाच मिनिटे असताना कर्मचाऱ्याने ओरडाआरडा न करता येऊन सांगितले. समईताई, तुमचेही खरे आहे. उंची जाणवली नाही. त्यासाठी एकदा सकाळी जावे लागेलच, आरक्षण मिळाले की.

खारे वारे

केळफूल, सकाळचे म्हणजे ७ किंवा ८ चेच कशाला शोधता? पहाटे ५ चा टप्पा पाहा. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्योदय ७ च्या पुढे होतो. म्हणजे ५ ते ६ हा तासही काळोखाचाच, फक्त भोंग्यांशिवायचा. आणि ६ ते ७ चा घेतलात तर आत शिरताना काल पाहिलेली रात्र असेल आणि बाहेर पडताना समईताईंची सकाळ सुरू झालेली असेल.

पिंगळा

हे मला सुचायला हवे होते. पहाटेला वटवाघळे परत येतात.

जुना गिरगावकर

आणि पिंगळेही. भविष्य सांगणारे.

केळफूल

बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, सहाचे नको, पाचचेच घे. मुलगी गजर लावायला गेली आहे, तारीख अजून ठरलेली नसताना.